मी सांगेपर्यंत

मेजर शेवटी चालले. वॉकर धरून, घामाघूम होत, मध्येच एक शिवी हासडत, पण स्वतःच्या दोन पायांवर.

आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं समजू. रुग्णालयाचंही तेच म्हणणं आहे. मेजर चालले ती जागा रुग्णालयाच्या आवारात येत नाही, ज्यांच्या शब्दावर चालले ते रुग्णालयाच्या नोकरीत नाहीत, आणि ज्या दिवशी चालले त्या दिवशी व्यायामबाईंची हजेरी प्रशिक्षणाच्या वर्गात लागलेली आहे. तेव्हा अधिकृतरीत्या मेजर अजून चाकांच्या खुर्चीत बसलेले आहेत, आणि आपल्यालाही त्यांना तिथेच भेटायला हवं.

खुर्ची तळघरात होती. तळघरात एका बाजूला धुलाई आणि दुसऱ्या बाजूला व्यायाम. मधली भिंत पातळ. पलीकडचं मशीन चादरी पिळायला लागलं की अलीकडच्या समांतर दांड्या आपोआप थरथरायच्या, आणि ज्यांना बोटही हलवता येत नव्हतं असे पेशंटसुद्धा जरा हलल्यासारखे दिसायचे. महिन्याच्या अहवालात त्याची मदत व्हायची.

व्यायामबाई म्हणजे इथल्या फिजिओथेरपिस्ट. पण एवढा लांब शब्द उच्चारेपर्यंत पेशंटची पाळी संपायची, म्हणून व्यायामबाई. त्या तळघरात तात्पुरत्या होत्या. 'पुढील आदेश होईपर्यंत' असं त्यांच्या आदेशात स्वच्छ लिहिलं होतं. तो आदेश आला तेव्हा त्यांच्या मुलीला दात येत होते. आता ते पडून दुसरे यायला लागले होते. सही करणारे साहेब कधीच बदलून गेले होते. बाई रोज सकाळी खाली उतरायच्या, दिवे लावायच्या, आणि दिवसभर लोकांना एकच वाक्य म्हणायच्या: "चला, टाका पाऊल, काही होत नाही!" पूर्वी या वाक्याच्या शेवटी त्या हसायच्या. अलीकडे हसू गळून पडलं होतं, वाक्य तेवढं उरलं होतं.

तळघरात येणाऱ्यांत निम्मे लोक माजी सैनिक. मेजर त्यांतलेच. ते मेजर नव्हते, फौजेत ट्रकवर ड्रायव्हर होते. पण गल्लीत निवृत्त फौजी दिसला की त्याला मेजरच म्हणायचं असा लोकांचा कायदा असतो. सुरुवातीला ते प्रत्येकाची चूक दुरुस्त करायचे, पुढे त्यांनी ही बढती मुकाट्यानं सोसली.

घराच्या जिन्यावरून पडून त्यांची मांडी मोडली होती. हाड कधीच जुळलं होतं. एक्स-रे बघून हाडांचे नवे डॉक्टर म्हणायचे, "एक नंबर! याच्यावर पूल बांधता येईल." फक्त पूल चालायला तयार नव्हता. दर आठवड्याला जावई त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरायचा, कारण घराला लिफ्ट नव्हती. खाली आणून खुर्चीत बसवायचा, दांड्यांशी उभं करायचा, आणि मेजर डाव्या पायावर बगळ्यासारखे उभे राहायचे. उजवा पाय अधांतरी. घरी हीच उचलाउचल त्यांची बायको करायची. काकूंचा खांदा आता इतका गेला होता की स्वतःची वेणी घालायलाही त्यांना मुलीची वाट बघावी लागायची.

नव्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' समुपदेशकाकडे पाठवलं. समुपदेशकानं मेजरना मनातलं एक झाड काढायला सांगितलं. मेजरनी ट्रक काढला, टायर अगदी बरोबर मोजून. समुपदेशकानं निष्कर्ष काढला की रुग्णाला मुळं नाहीत.

आणि महिनाअखेरीला समिती होती. समितीपुढे 'प्रगती शून्य' गेलं की मेजरना न चालणाऱ्या माजी सैनिकांच्या आश्रयगृहात हलवायचं ठरलं होतं. जागा चांगली होती, खाटा स्वच्छ होत्या, फक्त बायकांना तिथे राहायची परवानगी नव्हती. काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग यांच्या मोज्यांचा दुसरा पाय कोण शोधून देणार?"

याच सुमारास वरून परिपत्रक आलं. रुग्णालयात सैनिक फार येतात आणि कर्मचाऱ्यांना त्यांची संस्कृती कळत नाही, सबब सर्वांनी प्रशिक्षण घ्यावं. प्रशिक्षकांचा फौजेशी संबंध इतकाच की त्यांचे मेहुणे एकदा भरतीला जाऊन उंची कमी भरली म्हणून परत आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सैनिकांना हिरवा रंग दाखवू नये, म्हणून तळघराच्या खिडकीचा हिरवा पडदा काढला गेला, आणि तेव्हापासून पेशंटना थेट धुलाईतल्या चड्ड्या दिसायला लागल्या. सैनिकांना आदर लागतो, सलाम करावा. आणि भेटताच म्हणावं, 'आपल्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत.'

बाईंनी म्हणून पाहिलं.

मेजरनी विचार केला. "ऋणी असाल तर मॅडम, तेवढी ती ट्यूब बदला. मघापासून फडफडतीय."

वॉर्डातल्या मामांनी टाच आपटून सलाम ठोकला. मेजर म्हणाले, "टोपी?"

"काय?"

"डोक्यावर टोपी नसेल तर सलाम करत नाहीत."

पुढच्या आठवड्यात मामा ऑपरेशन थिएटरातली निळी, कागदी, झालरीची टोपी घालून आले आणि त्यांनी पुन्हा सलाम ठोकला. मेजर बराच वेळ छताकडे बघत राहिले. मामांनी प्रशिक्षकांना कळवलं की पेशंट भारावून गेले.

बाईंना एक गोष्ट मात्र दिसली होती. त्यांनी "चला, टाका पाऊल" म्हटलं की मेजरच्या बोटांची पेरं दांडीवर पांढरी पडायची आणि उजवा पाय होता त्याहून वर जायचा. त्यांना वाटलं, दुखत असेल.

"दुखतं का काका?"

"नाही."

"भीती वाटते?"

"नाही."

"मग?"

"तसं नाही, मॅडम."

मग एका दुपारी धुलाईचं मशीन बंद पडलं. तळघरात अशी शांतता पसरली की बाईंना पहिल्यांदाच स्वतःच्या श्वासाचा आवाज आला, आणि तो काही फारसा चांगला नव्हता. रात्री मुलीला ताप, सकाळी नळाला पाणी नाही, आल्या आल्या समितीचं स्मरणपत्र. त्या बाकावर मेजरच्या शेजारी बसल्या.

"काका, मी दमले. आज उत्साह आणणं मला जमायचं नाही. तुम्हीच सांगा, पाऊल का टाकत नाही? मी कुठे लिहिणार नाही."

मेजर म्हणाले, "हुकूम नाही, मॅडम."

"कुणाचा?"

"मोठ्या डॉक्टरांचा. त्यांनी पाय जोडला तेव्हा सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत या पायावर भार टाकायचा नाही."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, ते तर गेले! नोकरी सोडून! मागच्या उन्हाळ्यात!"

"ते कळलं मला. पण सांगून नाही गेले."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं? सगळे विचारतात दुखतं का. दुखत नाही, तर दुखतं कसं सांगू?"

"पण काका, नव्या डॉक्टरांनी सांगितलं ना चाला म्हणून. मी दर वेळी सांगते."

"तुमचं बरोबरच असेल, मॅडम." मेजर अतिशय अदबीनं म्हणाले. "पण मोठ्या डॉक्टरांकडून चार्ज कुणी घेतला?"

बाईंना हसू येणार होतं, पण मेजर हसत नव्हते. ते समोरच्या फरशीकडे बघत होते.

"एकदा आमच्या गाड्या घाटात थांबल्या होत्या," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, इथे सुरुंग असतील, पुढचा रस्ता मी स्वतः बघून येतो, मी सांगेपर्यंत गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. साहेब यायच्या आधी मागच्या गाडीतला एक जण चालत आला. चांगला माणूस होता, हसरा. म्हणाला, उतरा रे, टाका पाऊल, काही होत नाही."

"मग?"

"माझ्या बाजूचं दार जाम होतं. सोबत्याचं उघडलं."

पलीकडे कुणीतरी मशीनला लाथ घातली आणि ते सुरू झालं. दांड्या थरथरायला लागल्या. हेच वाक्य या माणसाला आपण किती वेळा म्हटलंय, हे बाई आठवायला गेल्या, आणि थोड्याच वेळात त्यांनी तो नाद सोडला.

त्या वर गेल्या. नव्या डॉक्टरांना विचारलं, "सर, तुम्ही मोठ्या डॉक्टरांकडून रीतसर चार्ज घेतला होता ना?"

"कसला चार्ज? मी आलो तेव्हा टेबलावर एक तुटकी किल्ली आणि अर्धं बिस्कीट होतं."

"मग आता घ्या ना. मेजरना तेवढं सांगायला—"

"अहो बाई, तो म्हातारा हट्टी आहे. तुम्ही पण त्याच्या नादी लागलात?"

अधीक्षकांनी मात्र प्रकरण गांभीर्यानं घेतलं, आणि म्हणूनच ते जास्त अडलं. त्यांनी नियम काढून बघितले. देणाऱ्यानं दिल्याशिवाय घेणाऱ्याला घेता येत नाही. मोठे डॉक्टर गाडी लावायच्या जागेवरून भांडून तडकाफडकी गेले होते. अपघात विभागाच्या दाराशी एक सावलीची जागा होती, ती त्यांच्याकडून काढून अधीक्षकांच्या गाडीला दिली होती. तेव्हा त्यांनी चार्ज कुणालाही दिला नव्हता. म्हणजे मेजरचं म्हणणं कायद्यानं तंतोतंत खरं होतं. हाडांचा विभाग मागच्या उन्हाळ्यापासून कुणाच्याच ताब्यात नव्हता.

"मग काय करायचं, सर?"

"ही गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही," अधीक्षक म्हणाले.

बाईंनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवर भडकले, शांत झाले, पुन्हा भडकले आणि शेवटी म्हणाले, "द्या त्यांना फोन, सांगतो." मेजरनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं आणि बाईंच्या हातात परत दिला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चाला. पण आवाज काय, कुणाचाही असतो."

समिती दोन दिवसांवर आली. त्या दिवशी प्रशिक्षणाचा विषय होता 'माजी सैनिकांशी संवाद'. बाईंनी हजेरीची सही केली, संवादाची पुस्तिका पिशवीत टाकली आणि मागच्या दारानं निसटल्या. दाराबाहेर जावयाचा टेम्पो उभा होता. एरवी त्यातून तो लोकांची कपाटं पोचवायचा. मेजर पुढे, मागे दोराने बांधलेली खुर्ची, खुर्ची धरून बसलेल्या काकू आणि काकूंना धरून बसलेल्या बाई.

"दुसरा टाक," पुढून मेजरचा आवाज यायचा.

"बाबा, दुसऱ्यातच आहे."

"मग पहिला टाक. चढ दिसत नाही?"

"अहो, त्याला चालवू द्या की!" काकू ओरडल्या. मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "पोरी, हे डॉक्टर तरी ऐकतील ना? नाही म्हणजे, मी याआधी बऱ्याच डॉक्टरांना भेटलेय."

मोठे डॉक्टर अर्ध्या चड्डीत अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. फाटकाशी टेम्पो थांबला, खुर्ची उतरली, खुर्चीत मेजर उतरले, तरी त्यांनी पाइप खाली ठेवला नाही.

"माझी गाडीची जागा परत दिली का?"

"नाही, सर," बाई म्हणाल्या.

"मग मी त्या इमारतीत पाऊल टाकणार नाही."

"अगंबाई," काकू जावयाला म्हणाल्या, "हेही तसलेच!"

"तुम्हाला कुठे यायचं नाहीये, सर. आम्हीच आलोय." बाईंनी सगळं सांगितलं, जेवढं थोडक्यात सांगता आलं तेवढं. मग फाटकाच्या आत जाऊन त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "फक्त 'काही होत नाही' असं म्हणू नका."

"का? मी सगळ्यांना तेच म्हणतो."

"मी पण म्हणत होते."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग ते मेजरपाशी आले. चेहरा बघून त्यांना काही ओळख पटली नाही. पायजमा वर सरकवला तेव्हा मात्र मांडीवरचा व्रण बघून त्यांचा चेहरा बदलला. "हा टाका माझा आहे. माणसं मला आठवत नाहीत, पण पाय आठवतात." मग त्यांचा हात पोटरीवर आला. पोटरी म्हणजे हाडावर पांघरलेला टॉवेल झाली होती. "याचं काय करून ठेवलंत?"

"आपण सांगितलं होतं, साहेब."

पाइप बाजूला पडला होता आणि पाणी डॉक्टरांच्याच चपलांवरून वाहत होतं. ते त्यांच्या लक्षात नव्हतं, किंवा लक्षात असूनही पाय काढून घ्यावेत असं त्यांना वाटत नव्हतं. माफी मागण्याच्या जातीचे ते डॉक्टर नव्हते. ते तिथेच चिखलात गुडघ्यावर बसले. अंगठ्यानं हाड वरपासून खालपर्यंत दाबत गेले, पुन्हा उलटं वर आले. बाईंनी आणलेला एक्स-रे आभाळाकडे धरून बघितला. जावयाला वाटलं आता संपलं, तर त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून दाबायला सुरुवात केली.

"हाड जुळलंय," शेवटी ते उठून म्हणाले. त्यांच्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलेलं बाईंना दिसलं. बाईंनी डोळे मोठे केले. डॉक्टरांनी वाक्य गिळलं. "मी जोडलं होतं, मीच तपासलं. आता या पायावर भार टाकायचा."

"आत्ता, साहेब?"

"आत्ता."

जावयानं वॉकर पुढे ठेवला. मेजर डाव्या पायावर उभे राहिले. मग त्यांची नजर खाली गेली. फाटकापासून कुंड्यांपर्यंत ओली, तपकिरी, नुसती माती होती.

प्रशिक्षणात या क्षणासाठी एकही चित्र नव्हतं. बाईंनी पदर खोचला आणि त्या फाटकापासून कुंड्यांपर्यंत चालत गेल्या. सावकाश, मध्ये एकही जागा न सोडता, पाऊल नीट दाबत. तिथून वळल्या आणि स्वतःच्याच ठशांवरून परत आल्या. चपलांना किलोभर चिखल लागला.

मेजरनी ठशांकडे बघितलं. मग उजवा पाय पहिल्या ठशावर ठेवला.

पाय तळघरातल्या दांडीसारखा थरथरला. मेजरनी कुणाच्या तरी आईचा उद्धार केला, घाम पुसला आणि पुढचं पाऊल टाकलं. कुंड्यांपाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. तिथल्या एका झाडाला धरून ते थांबले. झाड उपटलं. डॉक्टर म्हणाले, "असू दे."

काकूंनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, खांदा चोळला आणि त्या तिच्यात बसल्या. इतक्या दिवसांत त्यांना बसायला कधी जागाच मिळाली नव्हती.

"अगं ऊठ, ती सरकारी आहे!" कुंड्यांपासून मेजर ओरडले.

"राहू द्या. मला कुणी ऊठ म्हणून हुकूम दिलेला नाही."

मेजरनी डॉक्टरांकडे वळून विचारलं, "साहेब, पुढचा चार्ज कुणाकडे?"

डॉक्टरांनी पाइप उचलला आणि त्याच्या टोकानं बाईंकडे दाखवलं. "हिच्याकडे."

"घेतला, मॅडम?"

"घेतला," बाई म्हणाल्या. हे म्हणणं त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं.

समितीपुढे मेजर वॉकर घेऊन स्वतः चालत गेले. समितीनं त्यांना बघितलं आणि कागद बघितला. कागदावर प्रगती शून्य होती. प्रगती कुठे झाली? आवाराबाहेर. कुणाच्या देखरेखीखाली? राजीनामा दिलेल्या माणसाच्या. व्यायामबाई तेव्हा कुठे होत्या? सहीप्रमाणे वर्गात. तेव्हा प्रगतीची नोंद करता येईना. पण चालत आलेल्या माणसाला न चालणाऱ्यांच्या आश्रयगृहातही पाठवता येईना. फाइल 'पुढील आदेश होईपर्यंत प्रलंबित' ठेवून समिती चहाला गेली. मेजर घरी गेले. तीन मजले चढायला त्यांना दुपार लागली. जावई मागून रिकाम्या पाठीनं चढत होता आणि काय करावं ते न सुचून खुर्चीच पाठीवर घेऊन गेला.

बाई पुन्हा तळघरात. पण आता त्यांनी दुखतं का हे विचारणं बंद केलं होतं. आता त्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुम्हाला कुणी काही सांगून ठेवलंय का?" एका निवृत्त स्वयंपाक्याचा हात अजून गळ्यातल्या झोळीत होता, कारण सोडवायला सांगणारी डॉक्टरीणबाई बाळंतपणाला गेली ती आलीच नव्हती. एक म्हातारा नाविक दीड वर्षं डाव्याच कुशीवर झोपत होता. बाईंना वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला हसू येईल. हसू आलं नाही. त्या एकेकाकडून चार्ज घेत गेल्या आणि एकेकाला मोकळं करत गेल्या, आणि संध्याकाळी दिवे घालवताना फडफडणारी ती एकच ट्यूब मागे राहायची, जिचा चार्ज अजून कुणीच घेतला नव्हता.

एके दिवशी मशीन पुन्हा बंद पडलं. त्या शांततेत बाईंनी कागद ओढला आणि अर्ज लिहिला. अर्ज आवक खिडकीत दिला, त्यावर शिक्का बसला, आणि तो अजून तिथेच आहे:

'प्रति, मा. अधीक्षक. विषय: मागे राहिलेले आदेश परत नेण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, यापुढे या रुग्णालयातून कोणीही अधिकारी, डॉक्टर वा कर्मचारी बदली, निवृत्ती, राजीनामा अथवा गाडीच्या जागेच्या कारणास्तव निघून जात असल्यास, त्यांनी जाण्यापूर्वी आपले सर्व "मी सांगेपर्यंत" प्रत्येक खाटेपाशी स्वतः जाऊन, स्वतः तपासून, परत घ्यावेत व सोबत न्यावेत. तसेच असा एक आदेश निम्नस्वाक्षरीकर्तीकडे तळघरात बऱ्याच काळापासून पडून असून, तो देणाऱ्या साहेबांना शोधून, त्यांनी जिना उतरून समक्ष यावे, पुढची जमीन आधी स्वतः चालून बघावी, आणि मगच निम्नस्वाक्षरीकर्तीस मोकळे करावे, अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून तातडीने व्हावी, ही नम्र विनंती.'